माया नगरांच्या वाटेवर : जहाजाची सहल की आपली आपण?

यात्रेला संघाबरोबर जावे की आपल्या बळावर, हा प्रश्न मराठी घरांना नवा नाही. काशी-रामेश्वराला निघालेल्या आपल्या आजोबा-पणजोबांनीही तो आपापल्या परीने सोडविला होता. संघाबरोबर गेले की जेवणाखाणाची, मुक्कामाची, आजारपणाची काळजी दुसऱ्यावर. परंतु देवापुढे किती वेळ उभे राहायचे, हेही दुसऱ्यानेच ठरवायचे. एकट्याने गेले तर वेळ आपला, पण वाटेतली अडचणही आपलीच. आता वडोदरा, इंदूर, हैदराबाद येथल्या आपल्या घरांतली कितीतरी मुले अमेरिकेत स्थिरावली आहेत. त्यांच्याकडे काही महिन्यांसाठी जाणारे आईवडील कधीकधी कॅरिबियन समुद्रातल्या प्रवासी जहाजावरही चढतात आणि तेथे हाच जुना प्रश्न नव्या वेषात पुढे येतो. जहाज सकाळी बंदराला लागते, संध्याकाळी सुटते आणि मधल्या सात-आठ तासांत रानातले एखादे प्राचीन माया नगर पाहायचे असते. ते जहाज कंपनीने आखलेल्या सहलीतून पाहावे, की स्वतंत्र गाडी ठरवून?

प्रथम एक खुलासा. या 'माया' नावाचा आपल्या वेदान्तातील मायेशी अथवा पांडवांची सभा बांधणाऱ्या मयासुराशी काही संबंध नाही. नामसाम्यावरून तसे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण त्याला आधार नाही. मेक्सिकोचा आग्नेय भाग, बेलीझ, ग्वाटेमाला, होंडुरास आणि एल साल्वाडोर या प्रदेशांत माया लोकांनी नगरे वसविली, वेध घेऊन पंचांगे रचली आणि स्वतःची लिपी निर्माण केली. त्यांची अंकगणना विसाच्या पटीत चाले. एकासाठी ठिपका, पाचासाठी आडवी रेघ आणि शून्यासाठी शिंपल्यासारखे चिन्ह, एवढ्यावर त्यांचा सारा हिशेब. शून्याचा अभिमान बाळगणाऱ्या आपण भारतीयांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे, की महासागरापलीकडच्या या लोकांनी ती कल्पना आपल्याकडून न घेता स्वतंत्रपणे शोधली होती.

आता व्यवहाराकडे वळू. जहाजाच्या सहलीचा सर्वांत मोठा गुण एकच, आणि तो लहान नव्हे. ती सहल परतायला उशीर झाला तर जहाज थांबते. थांबणे अशक्यच झाले तर प्रवाशांना पुढच्या बंदरावर पोचविण्याची जबाबदारी कंपनी घेते. स्वतंत्रपणे गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. मार्च 2024 मध्ये आफ्रिकेच्या पश्चिमेस असलेल्या साओ तोमे बेटावर खाजगी सहलीला गेलेले आठ प्रवासी उशिरा परतले. जहाज समोर दिसत असूनही त्यांना वर घेतले गेले नाही. त्यात एक गर्भवती स्त्री होती. मग अनेक देशांतून प्रवास करीत त्यांना सेनेगलमध्ये जहाज गाठावे लागले. ही बातमी जगभर छापून आली आणि आमच्या चिरंजिवांनी ती आम्हांला निघण्यापूर्वी दोनदा वाचून दाखविली.

खाजगी सहलीची बाजूही तितकीच सबळ आहे. जहाजाची सहल माणशी पैसे घेते, तर स्वतंत्र गाडीचे भाडे गाडीमागे असते. चार-सहा माणसे एकत्र आली की खर्च बराच उतरतो. जहाजाच्या बसमध्ये चाळीस-चाळीस माणसे असतात. सर्वांत मंद चालणाऱ्याची वाट सर्वांना पाहावी लागते आणि सर्वांत मंद चालणारे आपणच असलो, तर प्रत्येक पायरीवर संकोच होतो. स्वतंत्र गाडीत पाय दुखला तर झाडाखाली बसता येते. शिवाय मध्यस्थ नसल्याने तिथल्या माणसाच्या श्रमाचे पैसे त्याच्याच हाती अधिक पडतात.

आम्हा उभयतांची वये सत्तरीच्या आसपास. सौभाग्यवतींच्या गुडघ्यांनी दहा वर्षांपूर्वीच असहकार पुकारलेला. फ्लोरिडातून निघालेल्या सात दिवसांच्या सफरीत बेलीझ, कोस्टा माया आणि कोझुमेल ही तीन बंदरे होती, आणि तिन्हींच्या आसपास माया अवशेष. चिरंजिवांचा सल्ला होता, 'बाबा, तिन्ही सहली जहाजाच्याच घ्या.' सौ. म्हणाल्या, 'अहो, शाळेच्या सहलीसारखे रांगेत चालायचे असेल तर मी आपली डेकवर बसून विणकाम करीन.' तेव्हा सरसकट नियम न करता प्रत्येक बंदराचा विचार वेगळा करायचा, असे ठरले.

बेलीझमध्ये किनाऱ्याजवळचा समुद्र उथळ असल्याने मोठी जहाजे दूर नांगर टाकतात आणि प्रवाशांना लहान होड्यांतून धक्क्यावर नेतात. कोकण किनाऱ्यावर आगबोटींच्या काळी उतारूंना पडावांतून उतरवीत, त्याची ज्यांना ऐकून का होईना माहिती आहे, त्यांना हे चित्र डोळ्यांपुढे येईल. परतीच्या शेवटच्या होडीनंतर होडी नाही. म्हणून येथे जहाजाचीच सहल घेतली आणि सुमारे पन्नास किलोमीटरांवरील आल्तुन हा पाहिले. 1968 मध्ये येथल्या एका थडग्यात सूर्यदेव किनिच अहाऊचा हिरव्या जेड पाषाणाचा मुखवटेवजा शिरोभाग सापडला. त्याचे वजन सुमारे साडेचार किलो! आमचा मार्गदर्शक बेलीझचाच. तो इंग्रजी बोले, कारण 1981 मध्ये स्वतंत्र होईपर्यंत हा ब्रिटिशांच्या ताब्यातला प्रदेश होता. त्याने पुजारी, व्यापार, जेडची ने-आण यांचे इतके रसाळ वर्णन केले, की 'जहाजाच्या सहलीतले गाईड पढविलेले असतात' हा माझा पूर्वग्रह तेथेच गळून पडला. मात्र उंच मंदिरासमोर जरा टेकावे म्हटले, तोच बसकडे निघण्याची सूचना झाली. एवढ्या वाटेला तेथे मिळाला सारा तास-सव्वा तास.

कोस्टा माया बंदराचे गणित निराळे. जहाज थेट धक्क्याला लागते आणि चाकचोबेन हे नगर सडकेने तासाभराच्या अंतरावर. मध्ये पाणी ओलांडणे नाही. येथे आम्ही जहाजावरच ओळख झालेल्या एका तेलुगू कुटुंबासह आगाऊ ठरविलेली गाडी घेतली. ठरविताना तीन गोष्टी लेखी मागून घेतल्या : जहाज बंदरात आलेच नाही तर पैसे परत मिळतील, प्रवेशशुल्क धरले आहे की नाही, आणि जहाज सुटण्याच्या किमान दोन तास आधी गाडी धक्क्यावर परत येईल. वाचकांनी या तिन्ही अटी पक्क्या लक्षात ठेवाव्यात.

चाकचोबेन म्हणजे तांबड्या मक्याचे ठिकाण. उंच ताडवृक्षांच्या सावलीत मोठमोठ्या चौथऱ्यांवर मंदिरे उभी आहेत आणि भिंतींवर कोठेकोठे प्राचीन लाल रंगाचा अंश अजून टिकून आहे. आमचा गाईड पन्नाशीचा, बुटका, शांत गृहस्थ होता. सौ. एका दगडावर टेकल्या तसा तोही जमिनीवर बसला आणि इतिहासाऐवजी घरच्या गोष्टी निघाल्या. त्याची आई माया भाषाच बोलते. तो तिच्याशी मायात बोलतो आणि बायकोशी स्पॅनिशमध्ये. 'आणि मुले?' असे सौ.नी विचारले. तो म्हणाला, 'मुलांना सगळे समजते. उत्तर मात्र स्पॅनिशमध्ये देतात.'

यावर आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही. वडोदऱ्यातल्या आमच्या घरात आणि फ्लोरिडातल्या चिरंजिवांच्या घरात जे रोज घडते, तेच एका परक्या माणसाने परक्या रानात सांगितले होते. 1562 मध्ये मानी या गावी दिएगो दे लांदा या ख्रिस्ती धर्मगुरूने माया ग्रंथांची होळी केली. आज त्यांच्या जुन्या पोथ्यांपैकी अवघ्या चार शिल्लक आहेत. ग्रंथ गेले, पण भाषा गेली नाही. मेक्सिकोच्या 2020 च्या जनगणनेत युकातानची माया भाषा बोलणारे साडेसात लाखांहून अधिक लोक नोंदले गेले. 'माया लोक नाहीसे झाले' असे माहितीपत्रकांतून छापतात. ते वाचून तो गृहस्थ हसतो, असे त्यानेच सांगितले. सौ.नी त्याच्याकडून 'धन्यवाद' याला मायात काय म्हणतात ते विचारून घेतले आणि निरोप घेताना त्याला तसेच म्हटले. चाळीस जणांच्या रांगेत हा संवाद होणे कठीण होते. गाडी ठरल्याप्रमाणे अडीच तास आधी धक्क्यावर आली.

खरा वाद झाला तो कोझुमेलवरून. हे बेट आहे, आणि मनात होती ती चिचेन इत्सा ही विख्यात नगरी. तेथल्या कुकुलकान पिरॅमिडला चारही बाजूंनी प्रत्येकी 91 आणि माथ्याची एक, अशा वर्षाच्या दिवसांइतक्या 365 पायऱ्या मोजतात. परंतु कोझुमेलहून प्लाया देल कार्मेनपर्यंत फेरीबोटीने पाऊण तास, पुढे बसने सुमारे अडीच तास; म्हणजे जाऊन-येऊन साडेसहा तास प्रवासातच. भर हिवाळ्यात उत्तरेचे वारे सुटले तर फेरीबोटी बंद राहतात. त्यात घड्याळाचा एक चकवा आहे. कोझुमेल ज्या किंताना रू राज्यात आहे, ते 2015 पासून शेजारच्या युकातान राज्याच्या एक तास पुढे चालते आणि चिचेन इत्सा युकातानात आहे. जहाजाचे घड्याळ आणखी तिसरे असू शकते. एकट्याने गेलेल्याने नेमके कोणते घड्याळ पाहावे? म्हणून चिचेन इत्साला जायचे तर जहाजाच्याच सहलीने, यात मला शंका नव्हती. प्रश्न एवढाच होता, की जावे की नाही.

सौ.चे म्हणणे, 'इतक्या दूर आलो आणि जे जग पाहते तेच सोडायचे?' माझे म्हणणे, की साडेसहा तासांच्या बैठकीनंतर उघड्या उन्हात दोन तास उभे राहणे त्यांच्या गुडघ्यांना झेपणार नाही. आणि पिरॅमिडवर चढण्यास 2006 पासून बंदीच आहे. रात्री उशिरापर्यंत हा विषय चालला. अखेरीस त्यांनीच निर्णय दिला : 'राहू दे चिचेन इत्सा. पण न पाहिल्याची रुखरुख मला आहे, हे मात्र तुम्ही विसरायचे नाही.' मी ते विसरलेलो नाही.

त्याऐवजी आम्ही बेटावरच टॅक्सीने सान हेर्वासिओला गेलो. येथे प्रसूती, औषधी आणि विणकाम यांची देवता इश्चेल हिचे क्षेत्र होते. मुख्य भूमीवरून स्त्रिया होड्यांतून समुद्र ओलांडून संतानासाठी तिच्या दर्शनाला येत. 1519 मध्ये एर्नान कोर्तेस या बेटावर उतरला आणि त्याने मूर्ती फोडविल्या. अवशेष लहान आहेत. एका वास्तूच्या भिंतीवर तांबड्या रंगात उमटविलेले हाताचे पंजे आहेत. त्यांच्यापुढे सौ. बराच वेळ उभ्या राहिल्या. गुजरातेत लग्नघरी कुंकवाचे थापे पाहत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना त्या भिंतीसमोर गाईड लागत नाही. टॅक्सीवाला बाहेर सावलीत थांबला होता. त्याने घाई केली नाही.

या अनुभवावरून काही सूचना. बंदर आणि नगर यांच्यामध्ये पाणी असेल, अथवा एका बाजूचा प्रवास दोन तासांच्या पुढे असेल, तर जहाजाची सहल घ्यावी. नगर जवळ आणि रस्ता एकच असेल, तर चार माणसे जमवून स्वतंत्र गाडी खुशाल करावी. मेक्सिकोच्या प्रोग्रेसो बंदरातून उश्मल सुमारे दीड तासावर आहे. तेथे दोन्ही मार्ग शक्य आहेत आणि आपल्या प्रकृतीने निर्णय करावा. चिचेन इत्साला राष्ट्राचे आणि राज्याचे असे दोन वेगळे प्रवेशशुल्क असते, हेही ध्यानात असू द्यावे. औषधांची एक दिवसाची जादा मात्रा, पारपत्राची छायाप्रत आणि जहाजाच्या स्थानिक प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक खिशात असल्याविना किनाऱ्यावर पाऊल ठेवू नये. अमेरिकेचा व्हिसा अनेकवार प्रवेशाचा असला पाहिजे, नाही तर सफर संपल्यावर पुन्हा आत येण्याची पंचाईत. तो वैध असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा भारतीयांना लागत नाही. इतर देशांचे नियम तिकीट काढण्यापूर्वी जहाज कंपनीकडून तपासून घ्यावेत.

आणि कोणत्याही सहलीने जा, गाईडला एक प्रश्न अवश्य विचारा : तुमच्या घरी कोणती भाषा बोलतात? आम्ही परतल्यावर चिरंजिवांनी बंदरे, जहाज, जेवण यांविषयी विचारले. सौ.नी त्या चाकचोबेनच्या गृहस्थाचीच हकिकत सांगितली, आणि नातवाशी त्या आठवड्यापासून त्या मराठीतच बोलू लागल्या आहेत. तो अजून इंग्रजीत उत्तर देतो.