चव्वेचाळीस तासांच्या पुढे

कॅनडातल्या ब्रॅम्प्टनमध्ये पगाराची पावती फोनवर आली की गोदामातली पोरं आधी ओटीची, म्हणजे ओव्हरटाइमची, ओळ बघतात. ओंटारिओत आठवड्याचे ४४ तास भरले की पुढच्या प्रत्येक तासाला दीडपट. नाताळच्या आधी विमानतळाजवळची गोदामं रात्रंदिवस चालतात. तेव्हा या एका ओळीवर कुणाची कॉलेजची फी निघते, कुणाच्या गावाकडच्या बोअरचा हप्ता. मिसिसागातले आमचे कराडकर मित्र आयटीत आहेत, त्यांना मात्र ओटी नाही. इथल्या कायद्यानंच आयटीवाल्यांना ओव्हरटाइममधून वगळलंय. हे कळल्यापासून आम्हा गोदामवाल्यांचा भाव जरा वधारला आहे.

कुपवाडच्या एमआयडीसीत असलेल्या चुलतभावाला या दीडपटीचं कौतुक सांगितलं, तर म्हणाला, "आरं, आपल्यात डबल हाय की." खरंच आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम ५९ सांगायचं, दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांच्या पुढे दुप्पट. तुला ओटी मिळतो का, असं विचारल्यावर हसला. "मी ठेकेदाराकडं. जादा थांबलं की सिंगल रेटनं रोख, त्येबी पुढच्या महिन्यात." ते जादा तास त्याच्या पगारपत्रकात कुठेच नसतात. शर्टाच्या खिशातल्या घामेजल्या डायरीत असतात, तारीख आणि आत-बाहेरची वेळ, बॉलपेननं लिहिलेली. ठेकेदार ती डायरी मानत नाही.

मागे एका जानेवारीत आमच्या पाळीतली निम्मी माणसं कमी केली, त्यात मीही होतो. इथे काम सुटलं की मालकाला एक दाखला काढावा लागतो: किती तास भरले, किती पगार झाला, काम का सुटलं. बेकारी विम्याचं सगळं त्या दाखल्यावर. माझा दाखला मालकाच्या मागे लागून लागून निघाला. मग सरासरी पगाराच्या ५५ टक्के, तेही एका मर्यादेपर्यंत. आणि भागाप्रमाणे ४२० ते ७०० तास आधी भरलेले असले तरच. दर दोन आठवड्यांनी जाब द्यायचा: काम केलं का, काम मिळालं असतं तर तयार होता का. विम्याचा हप्ता आपल्या पगारातून कापलेला असतो आणि मालक त्याच्या १.४ पट भरतो, म्हणजे ही काही भीक नव्हे. तरी आईला फोनवर मी "सुट्टी घेतलीय" असंच सांगितलं.

खरं तर आमच्या तालुक्याला बेकारीचा भत्ता नवा वाटायला नको. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६९ मध्ये वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला. बहात्तरच्या दुष्काळात तीच कल्पना राज्यभर गेली. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका अजून खडी फोडल्याचं आणि सुकडी खाल्ल्याचं सांगतात. मग रोजगार हमी कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. काम मागितल्यावर १५ दिवसांत मिळालं नाही तर बेकारी भत्ता. पैसा उभा राहिला १९७५ च्या व्यवसाय करातून. आजही मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, ते का, हे विचारलं तर क्वचितच कुणाला सांगता येईल. शहरानं गावाच्या बेकारीसाठी भरायचं, असा हा सरळ हिशेब.

पण १५ दिवस मोजायचे कधीपासून? अर्जाच्या तारखेपासून. म्हणजे तारखेची पोच हातात पाहिजे, आणि पोच मागितली की "साहेब आल्यावर बघू."

त्याच १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. त्यामागे पाटण तालुक्यातले अण्णासाहेब पाटील होते. मुंबईच्या बंदरात आणि बाजारात ओझी वाहणारे हमाल त्यांनी संघटित केले, त्यात सातारा जिल्ह्यातली माणसं रग्गड. हमालाला एक मालक नसतो. सकाळी एका पेढीच्या गोणी, दुपारी दुसरीच्या. म्हणून व्यापाऱ्यानं मजुरी आणि वर लेव्ही माथाडी मंडळात भरायची. मंडळानं मजुरी टोळीला द्यायची, फंड आणि ग्रॅच्युइटी सांभाळायची. मालक रोज बदलला तरी नोंद एका जागी राहते.

हे ब्रॅम्प्टनच्या ट्रकवाल्यांना सांगावंसं वाटतं. इथे बऱ्याच ड्रायव्हरांना नोकर म्हणून घेतच नाहीत, त्यांच्या नावानं कंपनी काढायला लावतात. 'ड्रायव्हर इंक.' म्हणतात त्याला. ट्रक मालकाचा, फेऱ्या मालकाच्या, कागदावर मात्र ड्रायव्हर धंदेवाला. मग ओटी नाही, सुट्टीचा पगार नाही, बेकारी विमाही नाही. सरकारी तपासनीस येतात आणि हा खरोखर नोकर होता का, याचा खल करत बसतात. माथाडी मंडळानं तो घोळच घातला नव्हता. ज्याचा माल, त्यानं पैसे भरायचे. पुढे बोगस माथाडी आणि खंडणीच्या तक्रारी झाल्या, हे मान्य. पण मूळ जोडणी इथल्यापेक्षा शहाणी होती, असं माझं मत आहे.

परवा भावाला म्हटलं, डायरीच्या पानांचे फोटो काढून ठेव, कामगार कार्यालयात अर्ज दे आणि पोच घे.

"आन् कामावरनं काढलं तर?"

पगारातून ईएसआय विम्याचा हप्ता कापतात का, मी विचारलं. कापत असतील तर २०१८ ला आलेल्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत अटी पुऱ्या करणाऱ्याला निम्मा पगार मिळू शकतो, आयुष्यात एकूण ९० दिवस.

"कापत्यात की. पण नंबर ठेकेदाराकडंच हाय."