घसारा

व्यापाऱ्याच्या खतावणीत 'घसारा' हा शब्द वर्षातून एकदा, मार्चअखेरीस येतो. ठरावीक टक्क्यांनी यंत्राची किंमत घटत जाते आणि काही वर्षांनी ती नाममात्र उरते. यंत्र प्रत्यक्षात कोठे व किती झिजले, याची त्या आकड्याला दखल नसते. कोल्हापुरातील एका निवृत्त हार्डवेअर व्यापाऱ्यांना हा भेद उतारवयात, जुन्या लेथपुढे उभे राहून पारखावा लागला.

चाळीस वर्षे त्यांनी नट-बोल्ट विकले. स्वतःच्या हाताने एकही घडवला नाही. दुकान मुलाच्या हाती सोपवल्यावर ही रुखरुख वर आली. घरामागच्या खोलीत लहानसे वर्कशॉप थाटावे, पंपाचे बुश, एखादी पिन करून पाहावी, असा त्यांचा मनोदय होता. शिवाजी उद्यमनगरातील एका कारखानदाराने सीएनसी यंत्र घेतले आणि मैसूर किर्लोस्करचा साडेचार फुटी लेथ विक्रीस काढला. हरिहरच्या या कारखान्याची स्थापना 1941 सालची. मागितलेली किंमत भंगाराच्या भावाहून फारशी अधिक नव्हती.

मुलाने हिशेब मांडला. खोली मालासाठी हवी. गोदामाचे भाडे दरमहा जातेच आहे. "अण्णा, एवढ्या पैशांत बाहेरून हवे तेवढे टर्निंग करून मिळेल," असे तो विनयाने म्हणाला. हिशेब बिनचूक होता. अण्णांनीही तो नाकारला नाही. ते केवळ एका ओळखीच्या टर्नरला घेऊन यंत्र पाहायला गेले.

नव्या रंगाने चकाकणाऱ्या लेथकडे संशयानेच पाहावे. टर्नरने रंगावरून नजरही फिरवली नाही. बहुतेक काम चकजवळ होते, म्हणून बेडही तेथेच अधिक झिजतो. टेलस्टॉककडील टोक जवळजवळ कोरे राहते. त्याने सॅडल चकजवळ घट्ट बसवून दुसऱ्या टोकाकडे सरकवले, तेव्हा ते वाटेत अडकू लागले. पुढे त्याने बेडवर स्पिरिट लेव्हल ठेवून पाया पाचरी देऊन समतळ केला, कारण बेड पिळलेला असेल तरीही माप चुकते आणि दोष झिजेच्या माथी जातो. मग जाड सळई चकमध्ये धरून, टेलस्टॉकचा आधार न देता, दीडशे मिलिमीटर लांबीवर हलका काप घेतला. दोन्ही टोकांच्या व्यासांत 0.06 मिलिमीटरचा फरक निघाला.

विक्रेत्याचा चेहरा उतरला. अण्णांनी मात्र त्रैराशिक मांडले: पन्नास मिलिमीटरच्या बुशात हा फरक सुमारे 0.02 येईल. पंपाच्या साध्या बुशाला तो चालण्याजोगा. लांब शाफ्ट त्यांना करायचाच नव्हता. क्रॉस स्लाइडच्या चाकाला पाव फेरा मोकळा होता. तो दोष नटाचा, आणि नट नवा करता येतो. चेंज गिअर मात्र मोजून पाहणे आवश्यक होते. लीडस्क्रू इंचाचा असेल, तर मेट्रिक आटे पाडण्यासाठी साधारणतः 127 दात्यांचे गिअर लागते, कारण 25.4 ची पाच पट 127 होते. ते एका डब्यात, तेलकट फडक्यात गुंडाळलेले सापडले. थ्री फेज मोटारीऐवजी सिंगल फेज बसवण्याचा खर्च त्यांनी किमतीतून वजा करून मागितला. विक्रेत्याने दोन दिवसांचा अवधी घेतला.

घरी पत्नीने एकच अट घातली. लेथ चालू असता सैल बाही, हातमोजे, गळ्यातला उपरणा काहीही नको, चकची चावी चकमध्ये कधी राहू नये, असे टर्नरने बजावले होते. तिने त्यात भर घातली: खोलीला कुलूप, आणि नातवाने आत यायचे ते आजोबांचा हात धरूनच.

मुलाने यावर काही म्हटले नाही. संध्याकाळी तो फीत घेऊन मागच्या खोलीकडे गेला. दरवाजा दोन फूट सात इंचांचा निघाला. हेडस्टॉकसह बेड त्यातून जाईना. वडिलोपार्जित सागवानी चौकट काढल्याखेरीज यंत्र आत येणार नव्हते. त्याने फीत गुंडाळली आणि सुताराला फोन लावला.