घरी सांगू नकोस

'भावनिक गरज' हे शब्द मराठीत समुपदेशकाच्या केबिनमध्ये आणि रविवारच्या पुरवणीत ऐकू येतात. घरात कुणी म्हणत नाही. माझ्या माहेरी आई नाराज असली की भांड्यांचा आवाज वाढायचा आणि बाबा मुकाट्याने चहा टाकायला उठायचे. संपला विषय. मला वाटायचं, आपण शिकलेली माणसं, लग्नही स्वतःच्या पसंतीने केलेलं, आपण तरी हे शब्दांत बोलू. पहिली दीड वर्षं तशी वेळच आली नाही.

मग मार्चमध्ये नवऱ्याची नोकरी गेली. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, एचआरमधली एक बाई जिला त्याने आधी कधीच पाहिलं नव्हतं, आणि कॉल संपेपर्यंत त्याचा ईमेल बंद. वाकडच्या फ्लॅटचा हप्ता ४८ हजार. पैशांचं गणित आम्ही त्याच रात्री एक्सेलमध्ये मांडलं. दोघेही इंजिनिअर, ते जमतंच. शीट बंद करताना तो म्हणाला, "घरी सांगू नकोस."

घरी म्हणजे बार्शीला. सासरे एसटीत कंडक्टर होते. मुलगा आयटीत आहे हे त्यांच्याकडून ऐकलं नाही असा माणूस त्यांच्या गल्लीत नसेल. नवऱ्याला काय हवंय ते मला तेव्हाच कळलं होतं. निदान एका माणसाच्या नजरेत तरी आपण कालच्याइतकेच असावं, एवढंच. हसण्यासारखं त्यात काही नाही. पण दर रविवारी सासूबाईंचा फोन येतो तो माझ्या मोबाईलवर. "काय गं, ऑफिसमध्ये फार काम आहे का त्याला? आवाज बारीक वाटला परवा." गरज त्याची होती आणि खोटं मला बोलायला लागणार होतं.

त्या दिवसांत मी जॉन गॉटमन वाचत होते. लग्न का टिकतं आणि का मोडतं यावर आयुष्य घालवलेला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठात त्याने साध्या फ्लॅटसारखी एक प्रयोगशाळा थाटली. जोडपी तिथे राहायची, भिंतीवरचे कॅमेरे बघत राहायचे. त्याला दिसलं ते असं, की माणसं दिवसभर एकमेकांना बारीक बारीक साद घालत असतात. "हा पक्षी बघ", "आज पाठ दुखतेय". समोरचा कधी ओ देतो, कधी देत नाही. नवविवाहित जोडप्यांना सहा वर्षांनी पुन्हा गाठलं, तेव्हा ज्यांचं लग्न टिकलं होतं त्यांनी १०० पैकी ८६ सादांना ओ दिलेली होती. मोडलेल्यांचा आकडा ३३.

आकडा दिसला की माझ्या पेशातली माणसं त्याचं टार्गेट करतात. मी ते टाळलं. मला त्यातले उरलेले १४ जास्त आवडले. सुखी जोडप्यांनीही तेवढ्या हाका सोडून दिल्या होत्या!

नवरा घरी असल्यापासून त्याच्या हाका वाढल्या होत्या. सकाळी ऐन स्टँडअपमध्ये गॅलरीतून आवाज यायचा, "अगं ये, समोरच्या टाकीवर घारीने घरटं केलंय." मी माईक म्यूट करून बघून यायची. दोन मिनिटं जायची, ती मला कधी जड वाटली नाहीत. पण 'घरी सांगू नकोस' हीसुद्धा सादच होती, आणि तिला किती ओ द्यायची हे ८६ या आकड्यातून कळत नाही. हाकेला खर्च किती येतो आणि तो कोण भरतं, हे कॅमेऱ्यात कसं दिसणार?

आपल्याकडच्या बायकांनी हा हिशेब फार पूर्वी लिहून ठेवलाय. रमाबाई रानड्यांचं लग्न १८७३ साली झालं, तेव्हा त्या ११ वर्षांच्या होत्या. बायको शिकलेली असावी ही नवऱ्याची इच्छा. रमाबाई शिकल्या, आनंदाने शिकल्या. पण त्याबद्दलचे टोमणे घरातल्या बायकांकडून त्यांनीच ऐकले. १९१० साली आलेल्या त्यांच्या आठवणी वाचताना मला त्या दोघांचं प्रेम खरं वाटतं आणि खर्च किती एकतर्फी होता तेही दिसतं.

एप्रिलमध्ये एका रात्री मी त्याला म्हटलं, "मी आपणहून कुणाला काही सांगणार नाही. पण आईंनी मला सरळ विचारलं, तर खोटं बोलणार नाही. फोन तुझ्या हातात देईन."

"म्हणजे सांगितल्यासारखंच झालं."

"नाही. सांगायचं की नाही, ते तू ठरवशील."

दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. रुसलेला नवरा काय करतो? आमचा फ्रिज साफ करतो. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या मोबाईलवरून आईला फोन लावला, शनिवारीच, आणि वीस मिनिटं शेजाऱ्यांच्या बोअरवेलबद्दल बोलला. रविवारी माझा मोबाईल गप्प होता. मग हेच चालू राहिलं. माझी सुटका झाली. त्याला मात्र दर शनिवारी आवाज नीट करून बसावं लागायचं. ते बघणं सोपं नव्हतं. पण तो भार ज्याचा होता त्याच्याकडे होता, आणि बोलून झालं की तो माझ्या शेजारी येऊन बसायचा. मी काही विचारायची नाही, तोही काही सांगायचा नाही. मॅच लावायचो.

जुलैत सासरे डोळे दाखवायला पुण्यात आले. रात्री जेवणं झाल्यावर दोघं गॅलरीत बसले. मी आत भांडी लावत होते, मुद्दामच सावकाश. बऱ्याच वेळाने नवरा आत आला. त्याने सांगून टाकलं होतं.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, ते दोनदा सस्पेंड झाले होते. आईला एकदाच कळलं."

सकाळी सासरे नेहमीसारखे पाचला उठले, माझ्यासाठीही चहा ठेवला आणि स्वारगेटहून आठची गाडी पकडून गेले. दोन इंटरव्ह्यू झालेत, तिसऱ्या फेरीचं अजून कळलेलं नाही. सासूबाईंना सांगायचं राहिलंय. ते मुलाने सांगायचं की बापाने, यावर दोघांची रोज फोनवर घासाघीस चालते. मला कुणी विचारलेलं नाही.