प्रोस्टेट: गर्भापासून उतारवयापर्यंत

मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला चहूबाजूंनी वेढून असलेली प्रोस्टेट ग्रंथी, जिला मराठी वैद्यकीय लेखनात अष्ठीला किंवा पुरःस्थ ग्रंथी असेही म्हटले जाते, वीर्यातील द्रवाचा काही भाग तयार करते आणि पुरुषाच्या आयुष्याचा मोठा काळ आपली जाणीवही होऊ देत नाही. पन्नाशी उलटल्यावर मात्र हीच ग्रंथी अनेकांच्या प्रवासाचे, झोपेचे आणि चारचौघांत बसण्याउठण्याचे वेळापत्रक ठरवू लागते. या वयात जी औषधे दिली जातात, त्यांचे मर्म समजून घ्यायचे तर उतारवयातून थेट गर्भावस्थेपर्यंत मागे जावे लागते.

गर्भाच्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास ही ग्रंथी आकार घेऊ लागते. वृषणांतून स्रवणाऱ्या टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे ५-अल्फा रिडक्टेज नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रभावी संप्रेरकात रूपांतर करते आणि त्याच्याच प्रेरणेने ग्रंथी घडते. बालपणी ती जवळजवळ निद्रिस्त असते, वयात येताना त्याच संप्रेरकामुळे झपाट्याने वाढून सुमारे २० ग्रॅमची होते आणि मग काही दशके स्थिर राहते. चाळिशीनंतर तिच्यात पुन्हा वाढ सुरू होते. पन्नाशीतल्या सुमारे निम्म्या पुरुषांच्या ग्रंथीत सूक्ष्मदर्शकाखाली ही वाढ दिसते, ऐंशीच्या पुढे ती बहुतेकांत असते. ही वाढ कर्करोग नव्हे आणि तिचे कर्करोगात रूपांतरही होत नाही, हे रुग्णाला पहिल्याच भेटीत स्पष्टपणे सांगितले जायला हवे, कारण अनेक जण नेमक्या याच भीतीने तपासणी टाळतात.

लघवीची धार बारीक होणे, सुरुवातीला जोर करावा लागणे, मध्येच थांबून पुन्हा सुरू होणे, शेवटी थेंब थेंब गळणे, पूर्ण मोकळे झाल्यासारखे न वाटणे आणि रात्री तीन-चार वेळा उठावे लागणे या तक्रारी सर्वांच्या परिचयाच्या असतात. मात्र ग्रंथी जितकी मोठी तितका त्रास अधिक, असे गणित येथे चालत नाही. मूत्रमार्गावर दोन प्रकारचा दाब पडतो: एक वाढलेल्या पेशींच्या भाराचा आणि दुसरा ग्रंथीतील व मूत्राशयाच्या मानेतील अनैच्छिक स्नायूंच्या आकुंचनाचा. औषधांची दोन प्रमुख घराणी या दोन दाबांवर उभी आहेत, आणि कोणत्या रुग्णात कोणता दाब प्रबळ आहे हे ओळखण्यातच वैद्याचे कौशल्य आहे.

विसाव्या शतकाचा बहुतेक काळ या विकारावर शस्त्रक्रिया हाच खरा उपाय होता. ती रूढ करणाऱ्यांपैकी एक, पीटर फ्रेयर, हे भारतात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये अनेक वर्षे काम करून, मूत्राशयातील खड्यांवरील उपचारांत नाव कमावून लंडनला परतले होते, आणि तेथे १९०० साली त्यांनी ओटीपोटाकडून मूत्राशय उघडून वाढलेली ग्रंथी काढली. १९७०च्या दशकाच्या मध्यात जेरुसलेममधील मार्को केन यांनी ग्रंथीच्या स्नायूंवर अल्फा-ग्राहक, म्हणजे आकुंचनाचा संदेश स्वीकारणारी स्थाने, असल्याचे दाखवले आणि ती स्थाने अडवणारे फेनॉक्सिबेन्झामीन हे औषध रुग्णांना देऊन पाहिले. आज सर्वाधिक परिचित असलेली टॅमसुलोसिन ही गोळी त्याच विचाराची परिणती आहे. तिचा गुण काही दिवसांत जाणवतो. ग्रंथी मात्र तेवढीच राहते. या घराण्यातील औषधांनी उभे राहताना चक्कर येऊ शकते, वीर्यस्खलन कमी होऊ शकते आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बुबुळाचा पडदा सैल पडू शकतो, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांना या गोळीची कल्पना आधीच द्यावी लागते.

दुसऱ्या घराण्याचा उगम डॉमिनिकन प्रजासत्ताकातील सालिनास या गावात आहे. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये तेथील अशा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, जी जन्मतः मुलींसारखी दिसत असल्याने मुली म्हणून वाढवली गेली आणि वयात येताना ज्यांचा आवाज फुटला, शरीर पुरुषी झाले. त्यांच्यात ५-अल्फा रिडक्टेजची जन्मजात उणीव होती आणि त्यांची प्रोस्टेट ग्रंथी प्रौढपणीही अगदी लहानच राहत होती. ज्या संप्रेरकाने गर्भात ग्रंथी घडते तेच म्हातारपणी तिला फुगवते, हा दुवा या मुलांमुळे हाती आला. जगभरातील वृद्धांवर त्यांचे हे ऋण आहे आणि ते क्वचितच आठवले जाते. त्या विकराला अडवणारे फिनास्टेराइड १९९२ मध्ये अमेरिकेत संमत झाले, पुढे ड्युटास्टेराइड आले. ही औषधे ग्रंथीचा आकार सुमारे एक चतुर्थांशाने कमी करतात, मात्र त्यासाठी किमान सहा महिने धीर धरावा लागतो. कामेच्छा मंदावणे हा त्यांचा एक दुष्परिणाम आहे. शिवाय कर्करोगाच्या तपासणीतील पीएसए हा रक्तातील आकडा त्यांच्यामुळे जवळपास निम्मा होत असल्याने अहवाल वाचणाऱ्या डॉक्टरांना औषध चालू असल्याचे सांगणे अनिवार्य ठरते.

ग्रंथी मोठी असल्यास दोन्ही घराणी एकत्र वापरली जातात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३,०४७ पुरुषांवरील अमेरिकी अभ्यासात विकार बळावण्याचा धोका डॉक्साझोसिन या अल्फा-रोधकाने ३९ टक्के, फिनास्टेराइडने ३४ टक्के आणि दोहोंनी मिळून ६६ टक्के घटला. लघवी अचानक अडकण्यापासून दीर्घकाळ संरक्षण मात्र फिनास्टेराइड असलेल्या उपचारांनीच दिले. त्वरित आराम आणि दूरचे संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या अभ्यासाचे खरे मोल. ताडालाफिल या औषधाचाही लघवीच्या तक्रारींवर उपयोग होतो, पण हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्यांनी ते घेऊ नये.

मराठी घरांत रक्तदाब आणि मधुमेहाची चर्चा जेवताना मोकळेपणी होते. लघवीची तक्रार मात्र वडीलधारे पुरुष पत्नीपासूनही लपवतात, एसटीच्या प्रवासाआधी पाणी पिणे सोडतात, लग्नकार्य टाळू लागतात आणि ‘वय झालं’ एवढ्यावर विषय मिटवतात. या मौनात मूत्राशय थकत जाते, क्वचित मूत्रपिंडांवरही ताण येतो, आणि एकदा मूत्राशयाची ताकद गेली की गोळ्यांचा उपयोग फारसा उरत नाही. म्हणून घरातील तरुणांनीच हा विषय काढावा, रात्री वारंवार उठणाऱ्या वडिलांना वा आजोबांना डॉक्टरांकडे न्यावे. सर्दीच्या अनेक गोळ्यांमधील घटक मूत्राशयाचे तोंड आवळतात किंवा त्याचे आकुंचन मंदावतात, त्यामुळे औषधाच्या दुकानात प्रोस्टेटचा त्रास असल्याचे आवर्जून सांगावे. आणि लघवी पूर्णच अडकली, ओटीपोट फुगून दुखू लागले, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.