उजेडाची जाडी

भोपळ्यावर माणसाचा चेहरा कोरायला बसलेल्याला चित्र आधी डोक्यात उलटं करून घ्यावं लागतं. कागदावर पेन्सिल फिरली की अंधार उमटतो, भोपळ्यावर हत्यार फिरलं की उजेड. नाकाचा शेंडा चमकायला हवा असेल तर तिथे खोल खरवडायचं. केस, भुवया, हनुवटीखालची सावली यांना मात्र हातच लावायचा नाही. नवशिक्याचं नेमकं इथेच चुकतं. सवयीने तो डोळ्याची बाहुली मन लावून कोरतो, आणि दिवा लावल्यावर त्याच्या म्हाताऱ्याला मोतीबिंदू झालेला दिसतो.

अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला, हॅलोवीनच्या रात्री, दारोदारी दिसणारा दात विचकणारा भोपळा त्यामानाने सोपा. दोन डोळे, नाक, वाकडं तोंड आरपार कापलं की झालं. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये हेच काम सलगमावर चालायचं. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या मेयो परगण्यातल्या शाखेत डोनेगलकडच्या अशा एका सलगमाची प्लास्टरमधली प्रतिकृती आहे, आणि तिच्यापुढे आजचे भोपळे अगदीच गोंडस वाटतात. तिथून अमेरिकेत गेलेल्या लोकांना भोपळा मिळाला. सलगम पोखरता पोखरता मनगट भरून येतं. हा तर आतून आयताच पोकळ.

पण आरपार कापण्याला एक मर्यादा आहे. बाहुलीच्या भोवताली कापत गेलं की बाहुलीच सुटून भोपळ्याच्या पोटात पडते. तिला धरून ठेवायला कुठेतरी पूल सोडावा लागतो, आणि असे पूल सोडत गेलं की चेहरा पिंजऱ्यात बसल्यासारखा दिसतो.

छटांचं कोरीवकाम ही अडचण सोडवतं, कारण त्यात आरपार जायचंच नसतं. चित्र येणार त्या बाजूची भिंत आतून खरवडून साधारण एक इंचावर आणायची. मग बाहेरून कुठे नुसती साल काढायची, कुठे गर अर्धा उतरवायचा, कुठे जेमतेम पापुद्रा ठेवायचा. आत दिवा लागला की राखलेली साल काळी पडते, सोललेला भाग तांबूस दिसतो, त्याहून पातळ केशरी, आणि पापुद्रा जवळजवळ पांढरा. एकोणिसाव्या शतकात युरोपात पातळ चिनी मातीच्या पाट्यांवर याच युक्तीने चित्रं करत. खिडकीत धरल्याशिवाय त्यांत काही दिसत नसे.

हत्यारं साधी. लिनोकटच्या पटाशा, मातीकामातली तारेची कडी, टाचण्या. चित्राचा कागद चिकटवून रेषेवरून टाचणीने टोचत जायचं, आपल्याकडे ठिपक्यांच्या रांगोळीचा कागद टोचतात तसं. फक्त इथे जमीन गोल आहे. म्हणून कागदाच्या कडांना चिरा द्याव्या लागतात, नाहीतर कान गालावर येतो.

भोपळाही निवडून घ्यावा लागतो. कोरण्यासाठी अमेरिकेत नावाजलेला हाउडन हा वाण मॅसॅच्युसेट्सच्या जॉन हाउडन या शेतकऱ्याने विसाव्या शतकात तयार केला. देठ दणकट, अंग ताठ. चवीच्या बाबतीत मात्र आनंद आहे; मेथ्यांची फोडणी देऊनही त्याची भाजी फारशी सुधारत नाही.

कोरायला सुरुवात मध्यावरून, बारीक कामापासून. कडा आधी पातळ केल्या तर भिंत लवते आणि पुढच्या प्रत्येक दाबाला हलते. दर थोड्या वेळाने खोलीतले दिवे घालवायचे आणि भोपळ्यातला लावायचा. उजेडात नुसते खड्डे दिसत असतात. गाल सपाट झाला की गोल, हे अंधारात कळतं. काढलेला गर परत लावता येत नाही, म्हणून मुरलेला कोरणारा शेवटचा पापुद्रा काढायचं लांबवत राहतो. हे पंधरा मिनिटांत जमतं असं सांगणाऱ्याने बहुधा तीन त्रिकोणच कापलेले असतात.

हडसन नदीकाठच्या क्रोटन गावी, व्हॅन कोर्टलँट मॅनरच्या आवारात, २००५ पासून दर शरदात हजारो कोरलेले भोपळे उजळतात. त्यांत खऱ्यांबरोबर कृत्रिम भोपळेही असतात, कारण खरा भोपळा थांबत नाही. कापल्या क्षणापासून तो सुकू लागतो, मागोमाग बुरशी येते. सर्वांत आधी आक्रसतो तो सर्वांत पातळ केलेला भाग, म्हणजे ज्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला तोच. चौथ्या-पाचव्या दिवशी नाक आत वळतं, ओठ मुडपतात. कोरणारा मग बादलीत गार पाणी भरतो, चेहरा रात्रभर बुडवून ठेवतो, आणि सकाळी उचलून पाहतो तर गाल पुन्हा टरारलेले असतात. अजून एका रात्रीपुरते.