हाफिजजी

आमच्या मोहल्ल्यात दृष्टिहीन माणसाला कुणी आंधळा म्हणत नाही. 'हाफिजजी' म्हणतात, मग त्याला कुरआन पाठ असो वा नसो. लहानपणी आम्हाला या शब्दाचा मोठा अभिमान वाटे. आपल्या समाजात किती अदब आहे, असे वाटे. या अदबीआड आपण काय झाकून ठेवतो, हे कळायला फार वर्षे लागली.

आमच्या गल्लीत एका तांबोळ्याच्या घरी असा मुलगा होता. त्याला जन्मापासून दिसत नव्हते. एकदा ऐकलेले तो विसरत नसे. आम्ही शाळेला निघालो की ओट्यावर बसून पावलांच्या आवाजावरून आमची नावे सांगायचा. आमच्यातले काही मराठी शाळेत जात, काही उर्दू शाळेत. तो कुठेच जात नव्हता. मदरशात बसून त्याने कानाने काही सिपारे पाठ केले. लोक खूश झाले. पुढे काय, हे कुणी विचारले नाही. आम्हीही नाही. आज त्याची चाळिशी उलटली आहे. हजरत ख्वाजा शमशोद्दीन गाजींच्या उरुसाला आम्ही जातो तेव्हा तो वाटेवर रुमाल पसरून बसलेला असतो. आम्ही नोट ठेवतो आणि सवाब मिळाला म्हणून पुढे सरकतो.

कुरआनची ८०वी सूरत, 'अबस', आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे. तिच्या आरंभामागचा प्रसंगही वाझमध्ये ऐकलेला असतो. कुरैशच्या सरदारांशी बोलणे चालू असताना अंध सहाबी हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम (र.) प्रेषितांकडे (स.) आले. त्यांच्याकडे लक्ष दिले गेले नाही, म्हणून ही आयत उतरली. पण ते कशासाठी आले होते? खैरात मागायला नव्हे, शिकायला आले होते. पुढे मदिन्यात त्यांनी अजानही दिली. आपण प्रसंग लक्षात ठेवला आणि त्यांची मागणी विसरलो.

इजिप्तचे ताहा हुसेन लहानपणीच अंध झाले. गावच्या मक्तबात तेही हाफिज झाले. पण त्यांचे शिक्षण तिथे संपले नाही. अल-अझहर, कैरो विद्यापीठ आणि मग पॅरिस असा त्यांचा प्रवास झाला. १९५० साली ते आपल्या देशाचे शिक्षणमंत्री झाले.

काही वर्षांपूर्वी त्याच गल्लीत एक मुलगी जन्मली. तिला फक्त उजेड-अंधार कळतो. मुलगी असल्याने तिला 'हाफिजजी'चा मानही मिळाला नाही. ती सात वर्षांची झाली तेव्हा मोहल्ल्यात वाद सुरू झाला, तो असा की तिला शिकवायचेच तर मराठीतून की उर्दूतून? आपल्या समाजाचा हा जुनाच वाद. दोन्हीकडची मंडळी तावातावाने बोलत होती आणि मुलगी चुलीजवळ बसून होती.

अखेर अंध मुलांना शिकवणारे एक फिरते शिक्षक घरी आले. त्यांनी जाड कागद, ब्रेलची पाटी आणि टोचणी काढली. दोन टिंबे टोचली, कागद उलटला आणि मुलीचे बोट त्यावर ठेवले. म्हणाले, "हा ब." अम्मी दाराआडून म्हणाली, "सर, ये मराठीका 'ब' है या उर्दूका 'बे'?" सर हसले. "दोन्हींचा, भाभी. इंग्रजीचा 'बी'सुद्धा हाच."

आम्ही थक्क झालो. 'म', 'ल', 'न' यांचेही तसेच. सहा टिंबांत तिन्ही भाषा मावतात. पाटीवर टोचताना उर्दूसारखे उजवीकडून डावीकडे जायचे. कागद उलटून वाचताना मराठीसारखे डावीकडून उजवीकडे. डोळस माणसे ज्यावरून भांडत होती, तो भेद त्या बोटाखाली उरलाच नव्हता.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ६ ते १८ वयाच्या अशा मुलांना जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. मुलगी लहान, वसतिगृह दूर. अम्मीचे मन होईना. आता ती शेजारच्या मराठी शाळेत जाते. फिरत्या शिक्षकांच्या अधूनमधूनच्या फेरीत सगळे विषय होत नाहीत. म्हणून गल्लीतल्या दोन पोरी तिला रोज धडे वाचून दाखवतात. जाड कागदाचा खर्च यंदा आम्ही जकातीतून काढला. रमजानमध्ये नोटा वाटण्यापेक्षा हे बरे.

परवा तिचा एक कागद घेऊन आम्ही त्या जुन्या मित्राकडे गेलो. त्याने बराच वेळ बोट फिरवले. मग विचारले, "भाई, ये हमारे टाइमपे नइ था क्या?"

होते. मुंबईत अंधांची शाळा १९०० साली निघाली, पुण्यात १९३४ साली. भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल १९५१ साली ठरली. जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद होते तेव्हाही हे सारे होते, २०२३ साली धाराशिव झाले तेव्हाही होते. आम्ही कधी चौकशीच केली नव्हती. त्याला हाफिजजी म्हणून मोकळे झालो होतो.

हे त्याला सांगायला आमची जीभ रेटली नाही. म्हणून इथे लिहिले.