सहा व्होल्टचा हिशेब

तीर्थरूपांची मोटारसायकल ठेवावी की विकावी, असा प्रश्न गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या घरात निघाला. आणि त्यास कारण झाला तिचा मंद दिवा. गाडी १९६७ सालची, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात घडलेली. तो कारखाना १९९६ सालीच बंद पडला. (जावा बेटाशी या नावाचा काही संबंध नाही, हे सांगण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. चेक कारखानदार यानेचेक आणि जर्मन वांडरर या दोन नावांच्या आरंभीच्या अक्षरांची ती जोडणी होय.)

तीर्थरूप बैहर तहसिलीत शिक्षक होते. याच दिव्याच्या उजेडात रात्री-अपरात्री घाट उतरून ते बालाघाटास येत. गाडीला नवा रंग दिल्यापासून मात्र दिवा मिणमिणू लागला, हॉर्न कण्हू लागला, बॅटरी दोन दिवसांत बसू लागली. एका कारागिराने डायनमो निकामी ठरविला व सारे काही बारा व्होल्टचे करून घेण्याचा सल्ला दिला. चिरंजीव म्हणाले, "बाबा, त्यापेक्षा विकूनच टाकू." तीर्थरूप काही बोलले नाहीत. हातातल्या वर्तमानपत्राची घडी त्यांनी दोनदा मोडली आणि पुन्हा घातली.

आम्हांला ते निदान पटले नव्हते. किल्ली दाबताच पुढच्या दिव्याच्या माथ्यावरील तांबडा दिवा लागे आणि इंजिनाचा वेग वाढताच विझे. डायनमो वीज देत असल्याचीच ही साक्ष. मग ती जाते कोठे? ३५ वॅटचा दिवा बारा व्होल्टवर सुमारे ३ अँपिअर प्रवाह घेतो, सहावर जवळजवळ ६. प्रवाह दुप्पट, म्हणून खराब सांध्यातील घटही दुप्पट; आणि मूळ भांडवल निम्मे! वाटेत अर्धा व्होल्ट गेला तरी सुमारे पाव उजेड जातो. गरिबाघरी चार आणे हरवावेत, तसेच हे.

वीज तारेतून जाते आणि परतते ती लोखंडी सांगाड्यातून. जाण्याची वाट सारे तपासतात. परतीची कोणी पाहत नाही. आम्ही जाड तारेचा एक तुकडा घेऊन बॅटरीचे सांगाड्याकडील टोक थेट इंजिनाच्या उघड्या धातूशी जोडले, मात्र हॉर्न असा गरजला की शेजारच्या काकू दारात आल्या! सांगाड्यावरचा बोल्ट सोडविला, तो खाली चकचकीत नवा रंग. विजेच्या वाटेवर ती भिंतच की! काचकागदाने लोखंड उघडे केले, वॉशर घासला, बोल्ट आवळून वरून ग्रीस लावले. तीस मिनिटांचे काम.

अर्धपोटी राहून खंगलेली बॅटरी मात्र बदलावी लागली. सहा व्होल्टची बॅटरी गावात मिळेना, ती गोंदियाहून मागविली. त्या संध्याकाळी अंगणात दिवा लावला, तेव्हा तीर्थरूप ओसरीवरून म्हणाले, "झोत थोडा खाली घे. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातोय."